टाकीतला मासा गेला कुठे? घरगुती मत्स्यालयातून नाहीशा होणाऱ्या माशांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे गोड्या पाण्याच्या आणि निरनिराळ्या जातींचे लहान मासे एकत्र ठेवलेल्या घरगुती टाकीविषयी आहेत. हौशी मंडळी तिला 'कम्युनिटी टँक' म्हणतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा सुमारे ५५ लिटरच्या टाकीत निऑन, गप्पी, मोली, एखादी एंजलची जोडी आणि तळाशी एक सकर (शेवाळ खरवडून खाणारा मासा), हे आपल्याकडच्या असंख्य घरांतले चित्र आहे आणि मासा गायब झाल्याची तक्रारही बहुतेक वेळा अशाच टाकीतून येते.

रात्री दहा निऑन टेट्रा मोजले होते, सकाळी नऊच आहेत आणि मेलेला मासाही दिसत नाही. सर्वांत आधी काय करावे?

टाकीतले दगड आणि झाडे लगेच उपसू नयेत. आधी टाकीच्या बाहेर पाहावे. टेबलाखाली, टाकी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, कपाटाच्या मागे आणि पडद्याच्या घडीत, सर्व बाजूंनी निदान पाच-सहा फुटांपर्यंत टॉर्च घेऊन शोध घ्यावा, कारण मासा बाहेर पडला असेल तरच त्याला वाचवण्याची संधी असते आणि ती काही मिनिटांचीच असते. त्यानंतर फिल्टरचा वीजपुरवठा बंद करून त्याचा आतला भाग तपासावा. तिसरी पायरी पाण्यातील अमोनिया, म्हणजे सडलेल्या खाण्यातून किंवा प्रेतातून वाढणारे विष, मोजण्याची. एवढे झाल्यावर नेहमीच्या वेळी खाणे घालून पुन्हा मोजणी करावी आणि रात्री दिवा मालवल्यावर तासाभराने मंद प्रकाशात आणखी एकदा मोजावे. यातून काहीच निष्पन्न झाले नाही, तरच सामान हलवावे. उपसाउपशीने उरलेले नऊ मासे बिथरतात, तळचा गाळ ढवळून पाणी बिघडते आणि एक मासा शोधताना आणखी दोन दगावतात, हे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

मेलेला मासा एका रात्रीत पूर्णपणे नाहीसा होऊ शकतो का?

लहान मासा होऊ शकतो. निऑन टेट्रा जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचा सांगाडा अतिशय नाजूक असतो. २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मृत शरीर झपाट्याने मऊ पडते आणि टाकीतल्या बहुतेक सर्व रहिवाशांना ते आयते अन्न वाटते. एंजल, बार्ब आणि मोली त्याचे लचके तोडतात, उरलेल्या भागावर गोगलगायी आणि झिंगे जमतात, आणि बारीक तुकडे खड्यांमध्ये किंवा फिल्टरच्या स्पंजमध्ये अडकतात. रात्री अकराला मेलेल्या निऑनचा सकाळी सातला मागमूसही उरत नाही, यात गूढ काही नाही.

मात्र हाच नियम मोठ्या माशाला लावता येत नाही. आठ-दहा सेंटिमीटरचा गोल्डफिश किंवा पूर्ण वाढलेला एंजल एका रात्रीत निशाणी न ठेवता संपत नाही. डोक्याचा भाग, पाठीचा कणा किंवा निदान सुटे खवले तरी दिसतातच. एवढा मासा सकाळी नसेल, तर तो टाकीच्या बाहेर तरी असतो किंवा फिल्टर, पार्श्वचित्र वा मोठ्या लाकडाच्या मागे तरी अडकलेला असतो.

सकर आणि गोगलगायी मासे मारतात का?

या प्रश्नाबाबत मला विशेष आस्थेने लिहावेसे वाटते, कारण निरपराध प्राण्यावर सर्वाधिक अन्याय येथेच होतो. मृत माशावर सकर चिकटलेला किंवा गोगलगायींचा घोळका बसलेला दिसला, की त्यांनीच मासा मारला असा निष्कर्ष काढला जातो आणि त्यांची रवानगी बादलीत होते. परंतु प्रेत खाणारा आणि जीव घेणारा हे एकच असतात असे नाही. टाकीत आपोआप वाढणाऱ्या लहान गोगलगायींना निरोगी, पोहणारा मासा पकडता येणे शक्यच नसते. सकरही मुख्यतः शेवाळ, लाकडावरचा थर आणि तळाचे अन्न खरवडून खातो. फार उपाशी ठेवलेला सकर गोल्डफिश किंवा डिस्कस यांसारख्या मंद आणि रुंद अंगाच्या माशांच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर चाटतो, हे खरे आहे. त्यामुळे जखमा होतात. पण तो चपळ निऑनचा पाठलाग करून त्याला गिळत नाही. तेव्हा गोगलगायी एका जागी गोळा झालेल्या दिसल्या, तर मृत मासा नेमका कुठे आहे हे त्या दाखवत आहेत असे समजावे आणि ती जागा तपासावी.

एंजल आणि निऑन वर्षभर एकत्र सुखाने राहिले. मग आताच निऑन का कमी होऊ लागले?

कारण एंजल वाढला. दुकानातून आणताना रुपयाच्या नाण्याएवढा असलेला एंजल वर्षभरात तळहाताएवढा होतो आणि त्याचे अंग सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकते. अंगाबरोबर त्याचे तोंडही वाढते. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात लहान मासे हे त्याचे नैसर्गिक खाद्यच आहे, त्यामुळे तोंडात मावणारा निऑन तो गिळतो, आणि त्यात वैरभाव मुळीच नसतो. हे बहुधा पहाटेच्या अंधुक उजेडात घडते, जेव्हा निऑन अजून झोपेत एका जागी स्थिर असतात आणि त्यांचा चमकता निळा पट्टाही फिका पडलेला असतो. आपण उठून दिवा लावेपर्यंत सारे शांत झालेले असते.

शाकाहारी आणि मांसाहारी, भांडखोर आणि शांत, अशा याद्या उपयोगाच्या असतात, पण सर्वांत भरवशाची कसोटी एकच आहे: लहान मासा मोठ्या माशाच्या तोंडात मावतो का, आणि आणखी आठ महिन्यांनी मावेल का. मावत असेल तर त्या दोघांना एकत्र ठेवू नये. एंजल पूर्ण वाढल्यावर नवे, कोवळे निऑन आणून सोडणे ही तर सर्वांत मोठी चूक होय. जुने निऑन त्याच्या डोळ्यांसमोर वाढलेले असतात आणि पुष्कळदा ते वाचतात, मात्र नवे निऑन एकामागून एक नाहीसे होतात. एंजलला टाकीतच ठेवायचे असेल, तर काळा विडो टेट्रा किंवा सर्पी टेट्रा असे उंच, रुंद अंगाचे मासे निवडता येतात. त्यांना पंख कुरतडण्याची सवय असते, म्हणून ते सात-आठच्या थव्यात ठेवावेत, म्हणजे ते बहुतेक आपसातच गुंतून राहतात. यातही एंजलच्या लांब पंखांवर लक्ष ठेवावेच लागते.

दुकानात 'सगळे एकत्र चालतात' असे सांगून दिलेल्या माशांपैकी कोणावर संशय घ्यावा?

पहिला संशय 'शार्क' या नावाने विकल्या जाणाऱ्या चंदेरी किंवा पांढऱ्या माशावर. तो शार्क नसून पंगास आहे, मासळी बाजारात बासा म्हणून मिळणाऱ्या माशाचा सख्खा नातलग. खाण्यासाठी तळ्यांत पाळला जाणारा हा मासा एक मीटरहूनही लांब होऊ शकतो. दोन फुटी टाकीत तो काचेवर डोके आपटत जगतो आणि रात्री लहान मासे गिळतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला तेथे ठेवणाऱ्याचा आहे.

दुसरा संशय लांब मिशांच्या माशांवर घ्यावा. ठिपकेदार पिक्टस कॅटफिश दहा-बारा सेंटिमीटरचाच असला, तरी निऑन आणि गप्पीची पिल्ले तो सहज पकडतो. रेडटेल कॅटफिश बोटाएवढा असताना फार गोजिरा दिसतो, पण त्याला घरगुती टाकीत जागाच नाही. या उलट कोरिडोरास हे छोटे, मिशांचे मासे अगदी निरुपद्रवी असतात, त्यामुळे मिशा पाहून सरसकट सर्वांना दोषी ठरवू नये.

'लॉबस्टर' म्हणून मिळणारा निळा किंवा केशरी क्रेफिश तळाशी झोपलेल्या माशाला नांगीत पकडतो. नदीतून पकडून आणलेले लांब हातांचे झिंगेही हेच करतात. शेवाळ खाणाऱ्या बारीक, शांत झिंग्यांमध्ये मिसळून ते कित्येकदा घरी येतात. एखाद्या झिंग्याची पुढची जोडी अंगाएवढी लांब दिसू लागली, की त्याला वेगळे करावे. सोनेरी अल्गी ईटर लहानपणी शेवाळ खातो आणि मोठेपणी इतर माशांच्या मागे लागतो. फायटर गप्पीला पूर्ण गिळत नाही, पण मोठ्या शेपटीच्या नर गप्पीला तो प्रतिस्पर्धी समजून फाडतो आणि नंतरचे काम इतर मासे करतात.

मासा उडी मारून बाहेर पडला असता तर जमिनीवर दिसला नसता का?

आपल्याकडच्या घरांत बऱ्याचदा दिसत नाही. ओला मासा तडफडत काही फूट सरकतो आणि कपाटाखाली किंवा सोफ्याखाली जाऊन थांबतो. तेथे मुंग्या काही तासांत पोहोचतात, झुरळे आणि पाली येतात, घरात मांजर असेल तर ते त्याहून आधी येते. जे उरते ते सुकटीसारखे वाळून कोळपते आणि केर काढताना काडी समजून फेकले जाते.

माझ्या स्वतःच्या टाकीतला एक सोनेरी गुरामी असाच नाहीसा झाला होता. तीन दिवस मी एंजलला दोषी धरले आणि त्याला बादलीत वेगळे ठेवले. चौथ्या दिवशी भिंतीच्या कडेने कपाटामागे जाणारी मुंग्यांची रांग दिसली आणि तिच्या शेवटाला गुरामी सापडला. हीटरची वायर आत घेण्यासाठी झाकणाला ठेवलेली दोन बोटांची फट मी बुजवली नव्हती. त्या माशाच्या जाण्याचे आणि एंजलला उगाच दिलेल्या त्रासाचे वाईट आजही वाटते. मासा हरवला की मुंग्यांची रांग शोधा, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

उडी मारणाऱ्यांमध्ये हॅचेट, किलीफिश, डॅनिओ, स्वोर्डटेल, गुरामी आणि फायटर हे आघाडीवर असतात. काटेरी वाम आणि रोपफिश उडी न मारता काचेच्या कडेने वर चढून नळीच्या भोकातून निसटतात. केरळ आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यांतला डेनिसन बार्ब हाही उसळी घेणारा मासा आहे. २०१३ मध्ये त्याची प्रजाती वेगळी मानून तिला 'सह्याद्रिया' हे नाव देण्यात आले. हा मासा निसर्गात संकटग्रस्त आहे, म्हणून उघड्या टाकीत तो ठेवणे मला अक्षम्य वाटते.

जमिनीवर सापडलेला मासा कोरडा दिसला तरी त्याचे कल्ले हलतात का ते पाहावे. हात ओले करून त्याला टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि एअर पंपाची नळी सोडावी. फायटर आणि गुरामी यांना हवेतला प्राणवायू घेता येत असल्यामुळे ते ओलसर जागी बराच वेळ तग धरतात. चिकटलेला केर ओढून काढू नये, तो पाण्यात आपोआप सुटतो.

पावसाळ्यात मासे जास्त उड्या मारतात, हे खरे आहे का?

कोकणात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की खाडी आणि नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. त्याला कोणी वलगण म्हणतात, कोणी चढणीचे मासे म्हणतात. नवे, थंड पाणी ही अनेक जातींसाठी विणीची खूण असते. टाकीतही थंड पाण्याने मोठा पाणीबदल केला, की कोरिडोरास अंडी घालू लागतात, आणि इतर काही मासे अस्वस्थ होऊन पृष्ठभागाशी उसळ्या घेतात. डोक, मरळ असे हवेत श्वास घेणारे देशी मासे पाळणाऱ्यांनी तर पावसाळ्यात झाकणावर वजन ठेवूनच झोपावे. पाणीबदलानंतरची पहिली रात्र ही कोणत्याही महिन्यात जोखमीचीच असते.

झाकण आहे, मग तरीही मासा बाहेर कसा जाईल?

फटीतून. फिल्टरची नळी, हीटरची वायर आणि खाणे घालण्याची खिडकी या तीन जागा तपासाव्यात. स्पंजचा तुकडा कापून किंवा मच्छरदाणीची जाळी लावून त्या बुजवता येतात. पाण्याची पातळी काठापासून दोन इंच खाली ठेवली तर बरेच मासे वाचतात. टॉप फिल्टर असलेल्या टाकीत उडी मारलेला मासा थेट त्या खोक्यात पडून तेथेच जगत राहतो, म्हणून तेही उघडून पाहावे.

फिल्टर मासा ओढून घेतो का?

निरोगी, मोठा मासा सहसा ओढला जात नाही. तोंडावर जाळी नसलेला पॉवर फिल्टर पिल्लांना, झिंग्यांना आणि आजारी माशांना मात्र ओढतो. बारीक पिल्ले असलेल्या टाकीत एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर सर्वांत सुरक्षित असतो.

मासा जिवंत असून केवळ लपलेला असू शकतो का? किती दिवस वाट पाहावी?

नक्कीच असू शकतो. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा कुली लोच दिवसभर खड्यांत किंवा मुळांत दडून राहतो आणि आठवडेच्या आठवडे दिसत नाही. वाम वाळूत फक्त नाकाचा शेंडा बाहेर ठेवून बसते. सकर लाकडाच्या पोकळीत शिरतो. नव्याने आणलेला कोणताही मासा पहिले तीन-चार दिवस लपणे स्वाभाविक आहे. अशा माशांसाठी रात्री दिवा बंद केल्यावर बुडणारे खाणे टाकावे आणि लाल कागद लावलेल्या टॉर्चने पाहावे. निऑन, डॅनिओ, बार्ब हे थव्याने राहणारे मासे मात्र एकटे लपून राहत नाहीत. त्यांच्यापैकी एखादा दोन वेळच्या खाण्याला आला नाही, तर तो आजारी आहे किंवा गेला आहे असे धरावे.

गप्पीची पिल्ले सकाळी असतात आणि संध्याकाळी नसतात. असे का?

गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते आणि ती जन्मताच पोहू लागतात. त्याच क्षणापासून टाकीतल्या सर्वांना, त्यांच्या आईसकट, ती खाद्य वाटतात. पाण्यावर तरंगणारी दाट झाडे आणि जावा मॉसचा गुंता हा त्यावरचा उत्तम उपाय होय. पिल्लांसाठी वेगळी छोटी टाकी असेल तर अधिक बरे.

मोठे मासे नसलेल्या टाकीतूनही पिल्ले नाहीशी होत असतील, तर झाडांबरोबर आलेल्या चतुराच्या अळ्या शोधाव्यात. तळ्यातून किंवा रोपवाटिकेतून आणलेल्या पाणवनस्पतींवर चतुराची अंडी असतात. तपकिरी, सहा पायांची, चपट्या अंगाची ही अळी मुळांत निश्चल बसते आणि चेहऱ्याखाली दुमडलेला जबडा झटक्यात पुढे फेकून पिल्लू पकडते. वाढलेली अळी पूर्ण वाढीचा निऑनही धरते. नवी झाडे आठवडाभर मासे नसलेल्या बादलीत ठेवून, रोज झटकून पाहिल्याशिवाय टाकीत लावू नयेत.

बाल्कनीतल्या टबातून मासे जातात. तेथेही हीच कारणे असतात का?

तेथे आधी आकाशाकडे पाहावे. खंड्या आणि ढोकरी शहरातही असतात आणि एकदा टब सापडला की रोज येतात. कावळेही उथळ पाण्यातून मासे उचलतात. टबावर बारीक जाळी ताणून बांधावी.

रोज एक मासा कमी होतो आहे. हे शिकाऱ्याचे लक्षण आहे का?

असेलच असे नाही. किंबहुना रोज एक असा क्रम दिसला, तर मी आधी पाणी तपासतो. शिकारी मासा पोट भरले की थांबतो आणि त्याचे फुगलेले पोट दुसऱ्या दिवशीही दिसते. पाणी बिघडले असेल तर आधी अशक्त मासे जातात, मग बाकीचे, आणि प्रत्येक प्रेत रात्रीतून फस्त झाल्यामुळे मृत्यू आपल्या नजरेस पडत नाही. नव्या टाकीत पहिले चार ते सहा आठवडे हेच घडत असते, कारण अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू अजून पुरेसे वाढलेले नसतात.

उन्हाळ्यात आणखी एक कारण येऊन मिळते. २५ अंशांच्या पाण्यात फार तर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. त्यात रात्री वीज गेली आणि एअर पंप बंद पडला, तर गर्दीच्या टाकीत पहाटेपर्यंत मासे गुदमरतात. ज्या भागात भारनियमन होते, तेथे बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा.

उरलेल्या माशांच्या रंगाकडेही पाहावे. फिका पडलेला निऑन, वाकडा होत गेलेला कणा, पोट खपाटीला जाणे, कापसासारखा थर, ही रोगाची लक्षणे आहेत. मृत शरीर इतरांनी खाल्ले की काही रोग त्यांच्यातही पसरतात, म्हणून आजारी मासा मरण्याची वाट न पाहता वेगळा काढावा. हाताला जखम असताना अशा टाकीत हात घालू नये. माशांच्या क्षयासारख्या रोगाचे जिवाणू माणसाच्या त्वचेलाही बाधतात.

गणपतीला आठवडाभर गावी गेलो होतो. परत आल्यावर चार मासे कमी होते. उपासमारीने मेले का?

पूर्ण वाढलेले, निरोगी मासे आठवडाभर खाण्यावाचून व्यवस्थित राहतात. मात्र भुकेला मोठा मासा एरवी दुर्लक्ष करील अशा लहान माशाकडे वळतो. याहून अधिक हानी शेजाऱ्यांकडे दिलेल्या खाण्याच्या डबीने होते. ते प्रेमापोटी मूठभर खाणे घालतात, ते सडते आणि अमोनिया वाढतो. जाण्यापूर्वी खाण्याच्या चिमटीएवढ्या पुड्या बांधून, दोन दिवसांआड एक, एवढेच सांगून ठेवावे.

मृत मासा सापडलाच नाही. पाणी बदलावे का?

५५ लिटरच्या टाकीत एक निऑन कुजला तर जिवाणू ते भागवून नेतात. मोठा मासा दगडाखाली कुजत असेल, तर पाणी गढूळ होते, वास येतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन श्वास घेऊ लागतात. पाण्याचा सामू (पीएच) ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो, त्यामुळे बोअरवेलच्या जड पाण्याच्या टाकीत अधिक सावध राहावे. अमोनिया आढळला तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी क्लोरिन काढून बदलावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

मासे खाणारा मासा सापडला. आता त्याचे काय करावे?

त्याला नदीत, तलावात किंवा गावच्या विहिरीत सोडू नये, ही कळकळीची विनंती आहे. घरच्या टाक्यांतून सुटलेला सकर आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळींसह देशातल्या अनेक जलाशयांत पसरला आहे, आणि त्यात देशी मासे आणि त्यांच्यावर जगणारे मच्छीमार भरडले जातात. तो मासा दुकानदाराला परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या हौशी व्यक्तीला द्यावा, किंवा त्याच्यासाठी वेगळी टाकी मांडावी. यांपैकी काही ठरेपर्यंत टाकीत मध्ये जाळीचा पडदा घालून त्याला एका बाजूला ठेवावे आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी, खाणे घालताना, दोन्ही बाजूंची मोजणी वहीत लिहावी. आठ दिवस आकडा स्थिर राहिला तर संशय बरोबर होता. पडदा असूनही आकडा घटला तर त्या माशाला दोषमुक्त करावे आणि झाकणाची फट, फिल्टर आणि पाणी यांच्याकडे पुन्हा वळावे.